परिचारिकेची नोंद कोण वाचते? पूर्व उपनगरातील एका खासगी रुग्णालयातले दहा दिवस

गेल्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, माझी ७६ वर्षांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, मुंबईच्या पूर्व उपनगरात, साधारण शंभर खाटांचे एक खासगी रुग्णालय आहे. तिथे आम्ही तिला नेले आणि पुढचे दहा दिवस मी जवळजवळ पूर्ण वेळ तिच्या खाटेशेजारी होते. व्यवस्थापनाशी माझा पत्रव्यवहार अजून चालू असल्यामुळे रुग्णालयाचे नाव मी देत नाही. या आकाराचे रुग्णालय निवडताना लोक खोल्या, विम्याची सोय आणि मोठ्या डॉक्टरांची नावे पाहतात, मीही तेच पाहिले होते. प्रत्यक्षात आईचा जीव ज्या गोष्टीवर अवलंबून राहिला ती यांपैकी कोणतीच नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सोयींविषयी थोडक्यात सांगते. इमारत स्वच्छ आहे, लिफ्टमध्ये स्ट्रेचर नीट मावते, नातेवाइकासाठी दिलेला बाक झोपण्याजोगा आहे. कॅशलेसच्या मंजुरीला दाखल होताना पाच तास आणि घरी सोडताना सात तास लागले, जे मुंबईत आता नेहमीचेच झाले आहे. जेवण गरम आणि वेळेवर येते. फिजिओथेरपिस्ट उत्तम आहेत. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आईला वॉकर धरून खाटेजवळ उभे केले, आणि उभे करण्यापूर्वी ती किती घाबरली आहे हे शांतपणे ऐकून घेतले.

अस्थिरोगतज्ज्ञांचे काम निर्दोष झाले. खुबा मोडलेल्या वृद्ध माणसाला फार दिवस खाटेवर पडू देणे धोक्याचे असते, कारण छातीत कफ साठतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात आणि पाठीला व्रण पडतात. म्हणून शक्य तर पहिल्या ३६ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया करतात. आईची सोमवारी दुपारी झाली, अर्धा सांधा बदलला, टाका सुंदर भरला. त्याबद्दल मी त्या डॉक्टरांची कायम ऋणी राहीन आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने हे ऋण कमी होत नाही.

पहिली खटकलेली गोष्ट मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच घडली. रविवारी रात्री दहाच्या सुमारास सिस्टर संमतिपत्र घेऊन आल्या आणि जिथे फुल्या होत्या तिथे सह्या करायला सांगू लागल्या. कागदावर शस्त्रक्रियेचे नाव होते, धोक्यांची छापील यादी होती, आणि डॉक्टरांच्या सहीची जागा रिकामी होती. मी विचारले, "अर्धाच सांधा का बदलणार? पूर्ण का नाही?" सिस्टर म्हणाल्या, "ताई, हे मला सांगता येणार नाही, डॉक्टरच सांगतील." त्यांचे उत्तर पूर्णपणे बरोबर होते, आणि त्याच कारणासाठी तो कागद त्यांच्या हाती देणे चूक होते. जो शस्त्रक्रिया करणार त्याने, किंवा त्याच्या वतीने बोलू शकेल अशा डॉक्टराने, काय करणार, दुसरा कोणता मार्ग आहे आणि काहीच न केल्यास काय होईल हे समजावून सांगायचे असते. समिरा कोहली यांच्या २००८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीचा अर्थ हाच लावला आहे. परिचारिका फार तर साक्षीदार असते. मी सही केली नाही, रजिस्ट्रार डॉक्टर अकरा वाजता वर आले, त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून सगळे समजावले आणि आईलाही विचारले, कारण पाय तिचा होता आणि ती पूर्ण शुद्धीत होती. दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी कमरेतून देण्याच्या भुलेविषयी स्वतःहून येऊन सांगितले, त्यासाठी त्यांना कोणी बोलवावे लागले नाही.

सोमवारी रात्री भूल उतरली आणि आई कळवळू लागली. तेव्हा मी जे वागले ते सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. मी सिस्टरांना वेदनाशामक इंजेक्शन द्या म्हटले. त्यांनी तक्ता पाहून सांगितले की ट्रामाडॉल हे वेदनाशामक 'एसओएस', म्हणजे गरज पडली तरच द्यायचे, म्हणून लिहिलेले आहे, मागचा डोस दहा वाजता गेला आहे, पुढच्याला अजून वेळ आहे आणि वाढवून देणे त्यांच्या हातात नाही. मी आवाज चढवला. माझी आई रडते आहे आणि तुम्ही मला घड्याळ दाखवता, असे काहीतरी बोलले. त्यांनी उलट उत्तर दिले नाही. त्यांनी आईला शून्य ते दहा यांत वेदना किती ते विचारले, आठ हा आकडा लिहिला, दोन पायांमध्ये उशी नीट बसवली, कमरेखालची चादर सरळ केली, आणि काउंटरवर जाऊन रजिस्ट्रारना फोन लावला. फोनवर मिळालेला आदेश त्यांनी मोठ्याने पुन्हा उच्चारून पक्का केला, रात्रपाळीच्या आरएमओंकडून, म्हणजे रुग्णालयात हजर असलेल्या निवासी डॉक्टरांकडून, तो लिहून घेतला आणि मगच दुसरे औषध दिले. सगळे मिळून वीस मिनिटे लागली. नोंदणीकृत डॉक्टरच्या आदेशाशिवाय परिचारिकेने औषध द्यायचे नाही, ही मर्यादा मला त्या क्षणी निष्ठुर वाटली होती. पुढे बुधवारी रात्री तीच मर्यादा आईच्या बाजूने उभी राहिली.

आपल्याकडे परिचारिकेला 'डॉक्टरांची मदतनीस' समजण्याची सवय इतकी जुनी आहे की तिच्या कामाचा स्वतंत्र भाग आपल्याला दिसतच नाही. औषध कोणते द्यायचे हे डॉक्टर ठरवतो. पण योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाचही गोष्टी जुळतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी परिचारिकेची असते, आणि चुकीचा वाटणारा आदेश मुकाट्याने पाळला तर दोष तिच्याकडेही येतो. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेची तीन वर्षे किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे आणि राज्य परिषदेची नोंदणी यांच्या जोरावर ती तिथे उभी असते. त्वचेची निगा, कुशी बदलणे, लघवीचे मोजमाप, सलाईनची सुई टोचलेल्या जागेवर लक्ष, झोप, भीती, भूक, शुद्ध यांच्या नोंदी ही कामे तिला कोणी लिहून द्यावी लागत नाहीत. दाखल होताच पहिल्या तासात एका सिस्टरांनी आईचे शय्याव्रणाच्या धोक्याचे गुण मोजले. त्यासाठी ब्रेडन नावाची मोजपट्टी असते. संवेदना, ओलावा, हालचाल, आहार अशा सहा बाबींवर ती चालते आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. त्या दिवसापासून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, आईची कुस बदलली गेली आणि दहा दिवसांत तिच्या पाठीवर लाल डागही पडला नाही.

मुंबईकराला या कामाची थोरवी वेगळी सांगायला नको. परळच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ज्यांच्यावर अमानुष हल्ला झाला त्या अरुणा शानबाग यांची त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, पिढ्या बदलल्या तरी शुश्रूषा केली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सेवेची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे. डॉक्टरांच्या हाती बरे करण्याजोगे काही उरले नव्हते तेव्हाही परिचारिकांचे काम संपले नव्हते.

या रुग्णालयात कुस बदलण्याचे कष्ट मुख्यतः वॉर्डातल्या मावशी करत होत्या. दोन मावशी आणि एक मामा यांच्यावर पूर्ण मजला चालत होता. त्यांच्या हाताला सराव होता, आईला उचलताना त्या तिचा पाय कधीही वेडावाकडा होऊ देत नसत. तक्रार एकच आहे. मंगळवारी दुपारी सिस्टर दुसऱ्या खोलीत अडकलेल्या असताना एका मावशींनी संपत आलेली सलाईनची बाटली स्वतःच बदलली. बाटली बरोबर होती, काही बिघडले नाही, आणि मावशींचा हेतू चांगलाच होता. पण ते काम त्यांचे नव्हते आणि ते त्यांच्यावर पडावे इतक्या कमी सिस्टर तिथे असणे हा व्यवस्थापनाचा दोष आहे. आमच्या मजल्यावर २२ रुग्ण आणि रात्री दोन सिस्टर असे प्रमाण होते, त्यांतल्या एक नुकत्याच रुजू झालेल्या. भारतीय परिचर्या परिषदेचे जुने मानक सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असे आहे. महापालिकेच्या रुग्णालयांत ते पाळणे कठीण जाते, हे समजू शकते, कारण तिथे कोणाला परत पाठवायचे नसते. दररोज खाटेचे भाडे आणि त्यावर 'नर्सिंग चार्जेस' वेगळे आकारणाऱ्या रुग्णालयाला ती सबब देता येत नाही.

आता बुधवार. दुपारपासून आईला मळमळत होते. जेवणाचे ताट तिने परत पाठवले. संध्याकाळी पाचच्या सुमारास दुपारच्या पाळीच्या सिस्टर बीपी घ्यायला आल्या तेव्हा गप्पा मारता मारता त्यांनी विचारले, "आजी, आज वार कोणता?" आई म्हणाली, "शनिवार." आम्ही दोघी हसलो, म्हणजे मी हसले; सिस्टर हसल्या नाहीत, त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले आणि काहीतरी लिहिले. पावणेआठला डॉक्टरांचा राउंड झाला. तीन माणसे आत आली, जखमेची पट्टी पाहिली, पायाची बोटे हलवायला सांगितली, छान आहे म्हणाले आणि चार मिनिटांत पुढच्या खोलीत गेले. त्या वेळी दुपारच्या सिस्टर रात्रपाळीला हँडओव्हर देत होत्या, त्यामुळे राउंडबरोबर कोणीही सिस्टर नव्हत्या.

रात्री दोन वाजता मला आईच्या बोलण्याने जाग आली. ती गिरगावातल्या चाळीत होती. गॅस बंद केलास का, असे मला विचारत होती आणि वीस वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या मामाला हाका मारत होती. मी बेल दाबली. रात्रीच्या सिस्टर मिनिटाभरात आल्या. त्यांनी आईला नाव, ठिकाण, महिना विचारला, हात घट्ट दाबायला सांगितला, बीपी, नाडी, श्वास, ऑक्सिजन पाहिला, बोट टोचून साखर तपासली. आकडे ठीक होते, पण आईचे डोळे मिटू लागले होते आणि मध्येच जागी होऊन ती सलाईनची नळी ओढत होती. सिस्टरांनी आरएमओंना बोलावले. ते अडीचनंतर आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, वय झाल्यावर ऑपरेशननंतर असे होतेच. गुंगीचे इंजेक्शन द्या आणि हात बांधून ठेवा.

न्याय्य बोलायचे तर त्यांचे पहिले विधान खोटे नव्हते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांची शुद्ध काही दिवस भ्रमिष्टासारखी होणे ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. परंतु ती का झाली याचा शोध घ्यावा लागतो. संसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, तुंबलेली लघवी, औषधांचा परिणाम, रक्तातल्या क्षारांचा बिघाड यांपैकी काहीही त्यामागे असू शकते, आणि कारण न शोधता गुंगी आणली तर बिघडत चाललेला रुग्ण शांत झोपल्यासारखा दिसतो.

सिस्टर म्हणाल्या, "सर, ऑर्डर लिहून द्या. आणि आजींचं सोडियम रविवारनंतर केलेलं नाही." आरएमओ म्हणाले, सकाळी लिहितो, आता तोंडी घ्या. सिस्टरांचा आवाज किंचित थरथरला, पण त्यांनी नकार दिला. आरएमओ निघून गेल्यावर त्यांनी रात्रीच्या सुपरवायझरांना फोन केला. सुपरवायझर सिस्टर वर आल्या, त्यांनी आईला पाहिले आणि साडेतीन वाजता फिजिशियन डॉक्टरांना घरी फोन लावला. डॉक्टरांनी एका हाकेत फोन उचलला, कोणाला दोष दिला नाही, ताबडतोब रक्त पाठवायला सांगितले. चार पन्नासला अहवाल आला: सोडियम ११७. रक्तातल्या या क्षाराचे प्रमाण निरोगी माणसात १३५ ते १४५ असते. साडेपाचला आई आयसीयूत होती.

नंतर फिजिशियन डॉक्टरांनी मला सगळे उलगडून सांगितले. आई बीपीसाठी जी गोळी घेते तिच्यात लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे. वृद्ध स्त्रियांमध्ये त्याने सोडियम उतरणे ही ओळखीची गोष्ट आहे. त्यात शस्त्रक्रियेचा ताण, वेदना आणि मळमळ यांमुळे शरीर पाणी धरून ठेवते, ट्रामाडॉलनेही त्याला हातभार लागू शकतो. रविवारच्या तपासणीत सोडियम १३१ होते आणि अहवालात त्यापुढे आकडा ठीक नसल्याची खूण म्हणून तारा छापलेला होता. गोळी मात्र घरच्या यादीवरून जशीच्या तशी उतरवली गेली आणि बुधवारी सकाळपर्यंत दिली गेली. अस्थिरोगतज्ज्ञांचे लक्ष हाडावर होते आणि ते हाडाचेच डॉक्टर आहेत; फिजिशियनांनी रविवारी शस्त्रक्रियेसाठी ती योग्य आहे इतके पाहिले आणि त्यानंतर त्यांना कोणी बोलावलेच नाही. प्रत्येकाने आपापल्या मर्यादेत काम केले, आणि १३१ हा आकडा दोघांच्या मधल्या जागेत पडून राहिला.

आयसीयूतले दोन दिवस मला या रुग्णालयाचे सर्वांत चांगले रूप दिसले. ३ टक्क्यांचे तीव्र सलाईन पंपावर, थेंब मोजून, चालले होते. उतरलेले सोडियम घाईने वर चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चोवीस तासांत ८ ते १० च्या पुढे जायचे नाही असे डॉक्टरांनी ठरवले. ती मर्यादा प्रत्यक्षात सांभाळली ती दर चार तासांनी रक्त पाठवणाऱ्या, दर तासाला लघवी मोजणाऱ्या आणि आकडा अपेक्षेपेक्षा भरभर चढताच पंप थांबवून डॉक्टरांना बोलावणाऱ्या सिस्टरांनी. त्यासाठीचा आदेश आधीच लिहून ठेवलेला होता: आकडा अमुक झाला तर थांबवा आणि कळवा. एकाचा निर्णय आणि दुसरीची नजर यांची अशी जोड मला या दहा दिवसांत इतरत्र दिसली नाही. शनिवारी सकाळी आईने मला ओळखले आणि केस का विंचरले नाहीस म्हणून रागावली.

गुरुवारी संध्याकाळी मी फाइल पाहायला मागितली. रुग्णाला किंवा त्याच्या अधिकृत व्यक्तीला मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. इथे त्या मला लगेच दाखवल्या गेल्या, हे मी आवर्जून नमूद करते. फाइलमध्ये दोन वेगळे भाग होते, डॉक्टरांच्या नोंदी एका क्लिपला आणि परिचारिकांच्या दुसऱ्या. परिचारिकांच्या भागात बुधवारी संध्याकाळी साडेपाचला सुवाच्य अक्षरात लिहिले होते की रुग्णाने जेवण घेतले नाही, दोनदा मळमळ झाली, वार आणि महिना चुकीचा सांगते, आरएमओंना कळवले. डॉक्टरांच्या भागात त्याच दिवशी पावणेआठला एक ओळ होती: प्रकृती स्थिर, तीच औषधे चालू ठेवणे.

ती दोन पाने शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ बसले होते. निदान पाचच्या सुमारासच दारात उभे होते. ते ओळखण्याचे शिक्षण आणि अधिकार ज्यांच्याकडे होता ते चार मिनिटे थांबले. ज्यांनी ते आठ तास शेजारी राहून पाहिले त्यांना त्याचे नाव ठेवण्याचा अधिकार नव्हता. या रचनेत काही गैर नाही, काम असेच वाटलेले असले पाहिजे. डॉक्टर चोवीस तास खाटेशी बसू शकत नाही आणि परिचारिकेने सोडियमचे अनुमान करून औषध बदलू नये. पण मग पहिल्याने दुसरीचे लिखाण वाचणे हा उपचाराचाच भाग ठरतो. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये श्वास, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, ताप आणि शुद्ध यांना गुण देणारा एक तक्ता आणला आणि २०१७ मध्ये तो सुधारला. सुधारित तक्त्यात नव्याने उद्भवलेल्या गोंधळाला एकट्यालाच ३ गुण आहेत आणि कोणत्याही एका रकान्यात ३ आले की डॉक्टराने तातडीने येऊन पाहायचे असते. बाकी सगळे आकडे ठीक असतानाही. आईच्या 'शनिवार'ला तिथे ३ गुण मिळाले असते. असा तक्ता या रुग्णालयात आयसीयूच्या भिंतीवर लावलेला मी पाहिला, वॉर्डात तो नव्हता.

हात बांधण्याविषयी एक शब्द. सिस्टरांनी ते केले नाही. त्यांनी सलाईनची जागा गॉझने गुंडाळून झाकली, खाटेचे कठडे वर केले, दिवा मंद ठेवला आणि मला आईचा हात धरून तिच्याशी घरच्या गोष्टी बोलत राहायला सांगितले. बांधणे कधीकधी अटळ असते, पण त्याला लेखी आदेश, कारण आणि ठरावीक वेळाने सोडून पाहणे लागते. तोंडी सांगून रात्री कोणाच्या आईचे हात बांधता येत नाहीत.

आरएमओंची पदवी कोणती, हे मी त्यांना गुरुवारी विचारले. "मी इथला आरएमओ आहे," एवढेच उत्तर मिळाले. मुंबईतल्या अनेक लहान-मध्यम खासगी रुग्णालयांत रात्री हजर असलेले डॉक्टर आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात, हे उघड गुपित आहे. त्यांतले कित्येक जण अनुभवी आणि जबाबदार आहेत, माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात अशाच एका डॉक्टरांनी आम्हाला आधार दिला होता. प्रश्न अपमानाचा नसून माहितीचा आहे. मुंबईतल्याच एका प्रकरणात, पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या खटल्यात, होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे देणे हा हलगर्जीपणा ठरतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. पुढे २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात बदल करून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथांना वाट करून दिली आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही. वाद ज्यांचा त्यांनी सोडवावा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत मात्र उपचार करणाऱ्या व्यक्ती कोण आहेत आणि त्यांची व्यावसायिक पात्रता काय, हे जाणण्याचा हक्क स्पष्ट आहे. ती सनद या रुग्णालयाच्या तळमजल्यावर काचेच्या चौकटीत लावलेली आहे.

वॉर्डात परतल्यावर लक्षात आलेली आणखी एक गोष्ट. आई बीपीची रुग्ण म्हणून तिच्या जेवणावर पहिल्या दिवशी 'मीठ कमी' असा शेरा पडला होता. तीव्र मिठाचे पाणी शिरेतून देऊन झाल्यावरही रविवारी दुपारी अळणी वरण आले. सकाळच्या पाळीच्या सिस्टरांनी ते पाहिले, डॉक्टरांना विचारले आणि स्वयंपाकघराला कळवून शेरा बदलून घेतला. त्या वरणाने फार काही बिघडले असते असे नाही, पण बदललेला निर्णय कुठवर पोहोचतो हे त्यावरून कळते.

घरी आल्यानंतर रक्त गोठू नये म्हणून रोज पोटात घ्यायचे इंजेक्शन काही आठवडे होते. रुग्णालयाच्या डेस्कवरून सुचवलेल्या ब्युरोने पांढरा पोशाख घातलेली एक मुलगी 'नर्स' म्हणून पाठवली. मी नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा ती गोंधळली. तिने सहा महिन्यांचा रुग्णसेवेचा कोर्स केला होता. मुलगी प्रेमळ होती, आंघोळ, चालणे, जेवण यांसाठी आम्ही तिला ठेवून घेतले आणि तिने ते काम मनापासून केले. इंजेक्शनसाठी मात्र जवळच राहणाऱ्या एका निवृत्त अधिपरिचारिका रोज येऊ लागल्या. ब्युरोने तिला नर्स म्हणून पाठवून आमची फसवणूक केलीच, शिवाय तिलाही अशा जागी उभे केले जिथे एका चुकीचा सगळा भार तिच्यावर पडला असता. रुग्णालयाने आपल्या डेस्कवरून अशी नावे देताना खात्री करून घ्यायला हवी.

डिस्चार्जनंतर तिसऱ्या आठवड्यात वैद्यकीय अधीक्षक आणि परिचारिकांच्या प्रमुख मेट्रन यांनी मला भेटीला बोलावले. मी चार पानी पत्र दिले होते, ते दोघांनीही वाचलेले होते. अधीक्षकांनी टाळाटाळ केली नाही, बुधवारची नोंद वाचली गेली नाही हे मान्य केले. मेट्रन यांनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो: त्या रात्रीच्या सिस्टरवर तुम्ही नाराज आहात का, कारण आरएमओंनी तिच्याविरुद्ध आदेश न पाळल्याचा अहवाल दिला आहे. मी तिथेच बसून दुसरे पत्र लिहिले आणि त्या सिस्टरांनी आदेश न पाळल्यामुळे माझी आई आज घरी चालते आहे, असे त्यात नमूद केले.

सहा आठवड्यांनी एक्स-रे काढायला गेलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर मुद्दाम जाऊन आले. राउंड चालू होता आणि सिस्टर इन चार्ज डॉक्टरांबरोबर खाटेखाटेला उभ्या होत्या. फाइलचे दोन भाग एकाच क्लिपला आले होते. वॉर्डाच्या भिंतीवर गुणांचा तक्ता लागला होता, त्याखाली लिहिले होते की आरएमओ अर्ध्या तासात न आल्यास सिस्टरांनी थेट तज्ज्ञ डॉक्टरांना फोन करावा. रात्रीच्या दोन सिस्टरांच्या तीन झाल्या का, हे विचारले तेव्हा भरती चालू आहे असे कळले.

खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी, फिजिओथेरपीसाठी आणि आयसीयूसाठी हे रुग्णालय मी ओळखीच्यांना सुचवीन, वॉर्डातल्या रात्रीसाठी अजून सुचवणार नाही. माझ्या पत्रातल्या तीन प्रश्नांपैकी दोहोंची लेखी उत्तरे आली आहेत: त्या सिस्टरांविरुद्धचा अहवाल मागे घेण्यात आला, आणि तोंडी आदेशांविषयी नवे परिपत्रक निघाले. रात्रपाळीच्या डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक वॉर्डाच्या फलकावर लिहिणार का, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही. आले की इथे जोडेन.